पाण्याच्या वाट्यांत उभा ग्रामोफोन

खऱ्या संगीताला जगातला कोणताही हादरा पोचत नाही. ते चित्तात वाजतं, आणि चित्त अचल असतं.

हे वाक्य आमच्या घरमालकांनी खामगावातल्या आपल्या माडीवर, नव्या ग्रामोफोनशेजारी उभं राहून म्हटलं. पंधरा-वीस मंडळी हजर होती. वाक्य मीच लिहून दिलं होतं, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल मला पहिल्यापासून शंका होती. टाळ्या झाल्या, चावी फिरली, सुई टेकली आणि दीड मिनिटाच्या आत उडाली. गाणाऱ्या बाईंची तान जिथून निघाली होती तिथेच परत गेली, पुन्हा चढली, पुन्हा माघारी आली. ऐकणाऱ्यांना वाटलं, चीजच तशी आहे. एकाने तर "वाहवा" म्हटलं.

घरमालक कापसाचे अडते होते. नागपूरच्या सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं होतं. म्हणजे आठवड्यातून दोन दिवस ते कोर्टात बसून मोकाट गुरं आणि तुंबलेल्या मोऱ्या यांचा न्याय करत. नेमणूक झाली त्या महिन्यात त्यांनी दोन गोष्टी मागवल्या: एक म्हणजे हात असलेली सागवानी खुर्ची आणि दुसरा हा ग्रामोफोन. दोन्ही माडीवर आल्या. बाकी सगळे जाजमावर मांडी घालून बसत. खुर्ची एकच, आणि तिच्यावर कोण बसणार हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. गावात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणत असे, कारण माडीच्या मागची खोली माझ्याकडे भाड्याने होती आणि शाळामास्तराला इतक्या भाड्यात दुसरी मिळाली नसती.

माडीची जमीन फळ्यांची. त्या फळ्यांखाली, रस्त्याच्या अंगाला, एका पिंजाऱ्याची खोली होती. भाऊसाहेबांच्या वडिलांनी ती त्याला दिली होती. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांची कापूस पिंजायची कमान दिवसभर चाले. लाकडी मुठीचा एक ठोका तातीवर बसला की तुणकन आवाज व्हायचा आणि कापूस ढगासारखा फुगून वर यायचा. गावातल्या निम्म्या गाद्या त्या खोलीतून भरून गेल्या असतील. वर्षाची भाकरी त्या तीन-चार महिन्यांत मिळवायची. उन्हाळ्यात गादी कोण भरतो?

ग्रामोफोन आला तो दसऱ्याच्या सुमाराला. म्हणजे कापसातली सरकी काढणारे जिन सुरू झालेले, गाड्यांची रांग लागलेली, आणि चाचांची कमान जोरात.

सुई उडाली की भाऊसाहेब संशयित शोधत. त्यांना तशी सवयच होती. पहिला संशय जिनावर गेला. जिन फॅक्टरी आमच्या मागच्याच गल्लीत होती आणि बॉयलर पेटला की मांडणीवरची ताटं आपापसांत बोलू लागत, हे खरं.

"हे जिनवाले मले ऐकू देऊन नाही राह्यले," भाऊसाहेब म्हणाले. "मुद्दाम करते. मागच्या हंगामात त्यायच्या गाडीले दंड केला होता न मी."

मग एका रविवारी बॉयलर बंद होता. गाव इतकं शांत की रस्त्यावरून जाणाऱ्या बैलाचा श्वास ऐकू यावा. सुई त्याच ठिकाणी उडाली.

दुसरा संशय स्वैपाकघरातल्या जात्यावर गेला. भाऊसाहेबांनी आत जाऊन आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सांगितलं की गाणं चालू असताना दळण नको.

"हाव," वहिनी म्हणाल्या. "दळत नाही. संध्याकाळी तुमच्या तबकडीचीच भाकरी थापतो मंग."

जातं बंद राहिलं. सुई उडाली.

तिसरा संशय माझ्यावर यायला हरकत नव्हती आणि मी त्याची वाटच पाहत होतो. माझी खाट करकरत असे. दोन रविवार मी गाणं चालू असताना खाटेवर बसलो नाही, की खोलीत फिरलो नाही. दाराच्या चौकटीला टेकून श्वास मोजत उभा राहिलो. पण माझ्याआधी कोणीतरी चाचांचं नाव घेतलं.

ते कोणीतरी म्हणजे एक वकील. पुण्याला शिकून आले होते आणि आमचं बोलणं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर सतत एक सहनशील हसू असे. दर रविवारी ते खुर्चीच्या सगळ्यात जवळ बसत. सुई उडाली की सगळे कर्ण्याकडे बघत. वकील तेवढे फळ्यांकडे बघत.

"खालून आलं, भाऊसाहेब," ते म्हणाले. "मला स्पष्ट जाणवलं. तो पिंजारी रविवारीही काम करतो."

"खालून?"

"तातीचा हादरा फार बारीक असतो. कानाला कळत नाही, सुईला कळतो."

हे इतक्या शास्त्रीय सुरात म्हटलं गेलं की मला ताबडतोब संशय आला. चार दिवसांपूर्वी शाळेतून येताना मी वकिलांना चाचांच्या दारापुढे उभं पाहिलं होतं. ते छत्रीने उंबऱ्याची रुंदी मोजत होते. त्यांचं ऑफिस तेव्हा एका गल्लीच्या टोकाला, कडब्याच्या वखारीमागे होतं. अशिलाला सापडायचं नाही आणि सापडलं तर शिंका यायच्या. चाचांची खोली रस्त्यावर, कोर्टाच्या वाटेवर होती. मी दोन गोष्टी एकत्र केल्या आणि गप्प बसलो. माझीही खोली त्याच घरात होती.

भाऊसाहेबांनी मात्र लगेच निकाल दिला नाही. आधी उपाय करून पाहायचं ठरवलं. आमच्या गावाचा कापसावर विश्वास फार. कान दुखला कापूस, जखम झाली कापूस, दिवा लावायचा कापूस. हादरासुद्धा कापूसच खाणार, यात कोणाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच की कोणता. अडत्याला शोभेल असा कापूस म्हणजे कापूस दाबायच्या प्रेसमधली बांधीव गठाण. सहा हमालांनी ती जिन्यातून वर चढवली. जिन्याच्या वळणावर ती अडकली तेव्हा पुढचा हमाल मागे वळून म्हणाला, "भाऊसाहेब, कापूस वर काऊन नेऊन राह्यले? बजार तं खाली हाये."

"तू उचल बे," भाऊसाहेब वरून म्हणाले.

गठाण माडीवर बसली, तिच्यावर ग्रामोफोन बसला आणि सुई पूर्वीसारखीच उडाली. प्रेसमधून निघालेली गठाण दगडाइतकी घट्ट असते, हे त्या माडीवर भाऊसाहेबांइतकं कोणाला माहीत असणार? पण ती त्यांच्या धंद्याची वस्तू असल्यामुळे तिच्यावर संशय घेणं त्यांना जमलं नाही. त्यांनी फक्त म्हटलं, "ही जुन्या मालाची असन."

मग मऊ गादीची पाळी आली. ती भरायला अर्थातच चाचांनाच सांगितलं. चाचांनी कापूस तीनदा पिंजला, टाके घातले आणि गादी स्वतः वर आणली.

"घ्या भाऊसाहेब. माह्याच हातानं माह्याच मुकदम्याचा पुरावा भरून आनला."

"मुकदमा कायचा? पाहून राह्यलो फक्त."

गादीवर ग्रामोफोन एका बाजूने रुतला. चावी दिली की डुलायचा. तबकडी उतरती झाली आणि सुई गाणं सोडून मधल्या कागदावर घसरत जाऊन खरखरत बसली. दोन रविवार गाणं असं काही झालंच नाही. तिसऱ्या रविवारी भाऊसाहेबांनी चाचांना बोलावून सांगितलं, "चाचा, यंत्राचा प्रश्न हाये. कार्तिक सरेपर्यंत दुसरी जागा पाहून घे."

"भाऊसाहेब, गाद्या भरायचे हेच तं दिवस. गिऱ्हाईक येईन, कुलूप पाहीन आन् वापस जाईन."

"मी काय करू? खालून हादरा येते."

"कोन म्हनते?"

वकील जाजमाची किनार बोटाने सरळ करत होते.

चाचा खाली गेले. कार्तिक सरायला अठरा दिवस होते.

पाण्याची कल्पना भाऊसाहेबांना जेवताना सुचली. दुभत्याच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून त्याचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. आमच्याकडे घरोघर ठेवतात. भाऊसाहेब घास हातात धरून त्या कपाटाकडे बघत राहिले. मुंगी पाणी ओलांडत नाही. मग हादरा काऊन ओलांडीन? तो तर मुंगीहूनही बारीक. वकिलांनीच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी ग्रामोफोनच्या टेबलाखाली चार पितळी वाट्या आल्या.

मी हे पाहून हसलो नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं. शास्त्र मी शाळेत शिकवत असे, पण ते धड्यापुरतं. मात्र पुढच्या रविवारी मी नेहमीची दाराची जागा सोडून टेबलाजवळ बसलो. वाटीतलं पाणी मला समोर दिसत होतं. मला वाटलं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आता पाण्याला विचारून बघू.

चावी फिरली. खालून चाचांची कमान चालू होती: तुण, तुण, तुण. तिच्या प्रत्येक ठोक्याला पाण्यावर बारीक शहारा येत होता, इतका बारीक की डोळे ताणून बघावं लागे. सुई मात्र शांत चालली होती. बाईंची तान चढत गेली. भाऊसाहेबांची मान डोलू लागली, डोळे मिटले. तबला समेवर आला आणि भाऊसाहेबांची उजवी टाच फळीवर बसली. वाटीतलं पाणी काठावरून सांडलं. सुई उडाली.

दुसऱ्यांदाही तसंच. टाच, पाणी, सुई. गाणं जिथे सगळ्यात रंगायचं तिथेच ते का मोडायचं, हे मला तेव्हा कळलं. भाऊसाहेब अंगाने भरलेले गृहस्थ. खुर्ची आणि टेबल एकाच फळीवर. आम्ही बाकीचे मांडी घालून बसलेले, आमचा ताल मांडीवरच मरत होता. जमिनीपर्यंत पाय पोचणारा माणूस माडीवर एकच होता.

"खालून आलं," वकील म्हणाले.

मी काही बोललो नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण बोललो नाही. न्यायाधीशाला तूच आरोपी आहेस असं सांगायला माझ्याकडे दुसरी खोली हवी होती.

संध्याकाळी मी चाचांकडे गेलो आणि जे पाहिलं ते सांगितलं. ते तातीला मेण लावत होते.

"मास्तर, मले पह्यल्या दिवसापासून मालूम हाये," ते म्हणाले. "वर पाय पडला की माह्या डोक्यावर माती पडते. गाण्याच्या टायमाले टोपी घालून बसतो मी."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"कोनाले सांगू? मॅजिस्ट्रेटाले?"

उरलं होतं एकच माणूस. दुसऱ्या दिवशी वहिनी अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी घसा खाकरून, फार आडवळणाने, भाऊसाहेबांच्या संगीतप्रेमाची स्तुती करत विषय काढला. त्यांनी मला दोन वाक्यांतच थांबवलं.

"टाच न? मास्तर, बावीस वर्ष झाले. जेवताना चटणी आवडली तरी पाय हालवते ते. पाट हालते, ताट हालते."

"मग तुम्ही सांगत का नाही?"

"सांगून पाह्यलं. सांगितलं की जोरानं हालवते." त्यांनी एक पापड उलटला. "चाचाची खोली जाईन काय खरंच?"

"कार्तिक सरला की."

वहिनींनी तोच पापड तीनदा उलटला.

कार्तिकातला शेवटचा रविवार आला. भाऊसाहेबांना न्याय झाला असं दिसलेलं आवडे, म्हणून त्यांनी रीतसर तपासणी ठेवली. चाचांनी खोलीला कुलूप लावून किल्ली वकिलांच्या हातात द्यायची आणि स्वतः वर येऊन सगळ्यांसमोर बसायचं. मग तबकडी लावायची. उडाली नाही तर हादरा चाचांचा, हे सिद्ध. चाचा धुतलेला सदरा घालून आले आणि हात गुडघ्यांवर ठेवून जाजमाच्या टोकाला बसले. किल्ली वकिलांच्या मुठीत. वाट्यांत ताजं पाणी.

तान चढली. तबला समेवर आला. टाच बसली. सुई उडाली.

सगळे चाचांच्या हातांकडे बघत होते, आणि ते हात गुडघ्यांवर होते. मला वाटलं, संपलं. पण मी वकिलांना ओळखलं नव्हतं.

"भाऊसाहेब, एक मुद्दा," ते म्हणाले. "सकाळपासून दुपारपर्यंत याची कमान चालू होती. चार-पाच तासांचा हादरा भिंतीत मुरला असणार. तो आता बाहेर पडतोय."

मी हसू आवरायला खाली बघितलं आणि वर बघतो तो भाऊसाहेब मान हलवत होते.

"मुरते," ते म्हणाले. "ओल मुरते तसा हादराही मुरत असन."

चाचांचा चेहरा तेव्हा पडला. इतके दिवस ते थट्टेवर नेत होते; आता त्यांनी नुसतं टोपीला हात लावला, ती अजून डोक्यावर आहे का हे बघावं तसा.

आतल्या दारातून वहिनींचा आवाज आला. मंडळी बसली असताना त्या कधी बोलत नसत, त्यामुळे सगळेच दचकले.

"आहो ऐकलं का, पाय वर घेऊन बसा. मुंग्या झाल्या."

"कुठं?"

"टेबलाले पाण्याच्या वाट्या ठेवल्या तं मुंग्या जातीन कुठं? खुर्चीवरच चढतीन न. वर घ्या पाय. चावली की मंग मले म्हनसान."

भाऊसाहेबांनी खाली वाकून पाहिलं. मुंगी दिसली की नाही मला माहीत नाही, पण संशय हा मुंगीपेक्षा जोरात चावतो. त्यांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि मांडी घातली. हातांच्या खुर्चीत ती मांडी जेमतेम मावली.

"पुन्हा एकदा लावा," मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं धाडस एवढंच.

नवी सुई लावली. तान चढली, सम आली, भाऊसाहेबांचा गुडघा खुर्चीच्या हातावर आपटला आणि सुई पुढे गेली. पुन्हा सम, पुन्हा गुडघा, सुई पुढेच. जिथे आजवर कोणी पोचलं नव्हतं त्या ओळी एकामागून एक येऊ लागल्या. मंडळी सावरून बसली. शेवटी गाणं थांबलं, क्षणभर खरखर झाली आणि कर्ण्यातून बाईंनी स्पष्ट आवाजात आपलं नाव सांगितलं. त्या काळच्या काही तबकड्यांवर असं असे. पण आमच्यापैकी कोणी ते ऐकलेलं नव्हतं. जाजमावरचे दोघे तर उठून उभे राहिले, बाई आत आल्या असं वाटून.

माडीवरच्या बहुतेकांना तोपर्यंत सगळं कळलं होतं. हे कशावरून सांगतो? कारण भाऊसाहेबांच्या पायांकडे कोणीच बघत नव्हतं.

"पान्यानं काम केलं," भाऊसाहेब म्हणाले.

"पण पाणी तर आधीही..." वकिलांनी सुरुवात केली.

"पानी बसायले वेळ लागते, वकीलसाहेब. आधी ते हालत होतं. आता बसलं." ते चाचांकडे वळले. "चाचा, तुह्या हादऱ्याले आता वर यायचा रस्ताच नाही राह्यला."

"हाव भाऊसाहेब," चाचा म्हणाले. "मंग मी ऱ्हाऊ?"

इथे भाऊसाहेब पुन्हा मॅजिस्ट्रेट झाले. शोध इतका मोठा होता की त्यावर कंपनीचा शिक्का हवा. त्यांनी मला बसवून ग्रामोफोन कंपनीला इंग्रजीत तीन पानांचं पत्र लिहायला लावलं: हादरा पाण्याला भितो, हे प्रयोगाने कसं सिद्ध झालं. वाट्यांची मापंही लिहिली. कंपनीचं उत्तर येईपर्यंत खोलीचा निकाल राखून ठेवला. वकिलांनी किल्ली जाजमावर ठेवली आणि ते छत्री घेऊन खाली उतरले.

त्यानंतर भाऊसाहेब गाणं ऐकताना मांडी घालूनच बसत, मुंग्यांमुळे. वहिनी अधूनमधून दारातून आठवण करत. चाचांची कमान चालू राहिली, पण जपून; माझी चाहूल लागली की ते मूठ थांबवून विचारत, "मास्तर, कंपनीचं काई आलं?" मी नाही म्हणे. कंपनीत कोणी खरोखर विचार करणारा माणूस असला आणि त्याने खरं ते लिहून पाठवलं तर काय, या भीतीने मी पोस्टमनवरही नजर ठेवून होतो.

उत्तर संक्रांतीनंतर आलं. एक छापील कागद होता. भाऊसाहेबांनी तो उभं राहून वाचला, उलटून मागची बाजू पाहिली आणि माझ्याकडे दिला.

"आपल्या शोधाच्या विरुद्ध काही लिहिलं हाये काय?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मंग मान्य हाये त्यायले. फाईलीत लावा. आन् चाचाले सांगा, ऱ्हाय म्हना खुशाल."

मी खाली गेलो आणि खोली कायम झाल्याचं चाचांना सांगितलं. त्यांनी कमान भिंतीला टेकवली, सदऱ्यावरचा कापूस झटकला.

"काय लिवलं होतं कंपनीनं?"

"सुया महागल्या," मी सांगितलं.